शिष्यवृत्तीआडची ताटातूट: सरोजिनी नायडूंच्या लग्नाआधीची तीन वर्षं

सरोजिनी नायडू म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो. कवयित्री, भारताची कोकिळा, १९२५ च्या कानपूर काँग्रेसच्या अध्यक्ष, धारासणाचा मिठाचा सत्याग्रह, स्वतंत्र भारतातल्या पहिल्या महिला राज्यपाल. या यादीत सुरुवातीलाच एक ओळ हमखास असते: १८९५ साली निजामाच्या शिष्यवृत्तीवर उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना. ओळ खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी अशी की तिला जायचं नव्हतं. हैदराबादच्या एका डॉक्टरला तिनं शब्द दिला होता आणि तो शब्द तिनं विसरावा म्हणून घरच्यांनी तिला समुद्रापार धाडलं होतं.

त्या वेळी तिचं वय होतं सोळा. लग्न झालं तेव्हा एकोणीस. मधली तीन वर्षं दोघांनी कशी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्या तीन वर्षांचं काय झालं, याची ही गोष्ट.

बंगाली घर, हैदराबादी बोली

सरोजिनीचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ चा, हैदराबादचा. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय मूळचे पूर्व बंगालातल्या विक्रमपूर भागातले. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन ते निजामाच्या राज्यात आले आणि तिथं इंग्रजी शिक्षणाचं कॉलेज उभं केलं. हेच पुढचं निजाम कॉलेज. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा याच कॉलेजात शिकले, कारण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि आजचं धाराशिव हे सगळे मुलूख तेव्हा हैदराबादच्याच राज्यात होते.

अघोरनाथ ब्राह्मो विचारांचे. जातपात, मूर्तिपूजा, बालविवाह या गोष्टींना त्यांचा विरोध. घरात हिंदू, मुसलमान, पारशी, इंग्रज अशा सगळ्यांची ऊठबस. सरकारशी भांडायलाही हा माणूस मागे-पुढे पाहत नसे. १८८३ साली चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, रेल्वे नेण्याची योजना निघाली. तिच्या अटी राज्याला तोट्याच्या आहेत, लोकांना सगळा हिशेब कळला पाहिजे, असं म्हणत अघोरनाथ आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. परिणाम असा की नोकरी गेली आणि हैदराबादमधून हद्दपारी झाली. काही वर्षांनी ते परत आले, पुन्हा कामाला लागले.

आई वरदासुंदरी देवी गाणाऱ्या, बंगालीत कविता करणाऱ्या. मुलांशी बोलताना मात्र त्या हिंदुस्थानी वापरत. वडिलांना वाटे मुलीनं इंग्रजी बोलावं. मुलगी ऐकेना. नऊ वर्षांची असताना वडिलांनी शिक्षा म्हणून तिला दिवसभर खोलीत एकटीला कोंडून ठेवलं. बाहेर आली ती इंग्रजी बोलतच. बापाशी आणि हिंदुस्थानी बोलणाऱ्या आईशीही इंग्रजीच बोलायचं, हा तिचा नेम मग कायमचा झाला. हट्ट दोन्हीकडे सारखाच होता, हे या प्रसंगातून कळतं.

मुलीनं शास्त्रज्ञ किंवा गणिती व्हावं, अशी अघोरनाथांची इच्छा. अकरा वर्षांची असताना बीजगणिताचं एक गणित सुटता सुटेना, आणि गणिताच्या जागी कविता सुचली. तिथून वही भरायला लागली. बाराव्या वर्षी ती मद्रास इलाख्याची मॅट्रिक परीक्षा पहिल्या नंबरानं पास झाली. मोठमोठ्या शहरांतल्या मुलांना मागे टाकून हैदराबादची बारा वर्षांची मुलगी पहिली येते, म्हणून देशभर नाव झालं. तेराव्या वर्षी सहा दिवसांत तेराशे ओळींचं एक काव्य लिहिलं. तब्येत मात्र याच सुमारास बिघडली, आणि नाजूक प्रकृती पुढे जन्मभर सोबतीला राहिली.

डॉक्टर नायडू

पंधराव्या वर्षाच्या आसपास तिची ओळख डॉ. मुत्याला गोविंदराजुलु नायडूंशी झाली. ते निजामाच्या वैद्यकीय सेवेत होते. घराणं तेलुगू भाषिक, प्रतिष्ठित. माणूस शिकलेला, शांत, वयानं तिच्यापेक्षा बराच मोठा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून एक-दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं एवढाच मुद्दा होता, पण त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने वाद चालला. त्याआधी मुंबईत रखमाबाईंनी लहानपणी लागलेलं लग्न नाकारलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि सगळा समाज दोन तटांत उभा राहिला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. अशा दिवसांत पंधरा वर्षांची ब्राह्मण मुलगी अविवाहित असणं हेच मुळात वेगळं. तिनं नवरा स्वतः निवडणं, तोही दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या भाषेचा, ही तर कुणाच्या ऐकिवात नसलेली गोष्ट.

विरोध दोन्ही घरांतून झाला. मुलगी ब्राह्मणाची आणि मुलगा ब्राह्मणेतर, म्हणून फक्त मुलीकडचे नाराज होते असं नव्हे. नायडूंच्या घरीही ही सोयरीक नको होती. अघोरनाथांच्या बाबतीत वयाचाही मुद्दा होता. बालविवाहाच्या विरोधात आयुष्यभर बोललेल्या माणसाची मुलगी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढणार, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. पण मुद्दा वयापुरता नव्हता. जातीच्या विरोधात बोलणाऱ्या घरातही स्वतःच्या मुलीचं लग्न समोर आलं की पाय अडखळतात, हे हैदराबादच्या त्या घरात दिसलं. आजही ते अनेक घरांत दिसतं.

साखरपुडा झाला नव्हता, याद्या झाल्या नव्हत्या, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडली नव्हती. होता तो दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द.

निजामाची शिष्यवृत्ती

मार्ग निघाला तो मोठा प्रतिष्ठेचा निघाला. सरोजिनीनं फारसी कथेवर एक नाटक लिहिलं होतं. ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यापर्यंत पोहोचलं. दरबाराकडून तिला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी खास शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्रवासखर्च वेगळा आणि वर्षाला ३०० पौंड. हैदराबादच्या मुलीला राज्याच्या खर्चानं विलायतेला पाठवणं ही मोठी बातमी होती, आणि तिचं कौतुकही झालं.

पण ज्यांना आतली गोष्ट माहीत होती त्यांना या शिष्यवृत्तीचा दुसरा उपयोगही दिसत होता. मुलगी हुशार आहे, तिकडं रमेल, अभ्यासात पडेल, डॉक्टर मागे पडतील. इंग्रज कवी आर्थर सिमन्स यांची पुढे लंडनमध्ये सरोजिनीशी मैत्री झाली. तिच्या पहिल्या संग्रहाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी हे स्पष्टच नोंदवलं आहे की जातीच्या भेदामुळं दोन्ही घरांचा विरोध होता आणि १८९५ साली तिला तिच्या मनाविरुद्ध इंग्लंडला पाठवण्यात आलं. संग्रह सरोजिनींच्या हयातीतच, लग्नानंतर सात वर्षांनी छापला गेला. म्हणजे ही बाब तेव्हाही लपवून ठेवलेली नव्हती. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी ती गाळली.

वाडी स्टेशनवरून जाणारं टपाल

लंडनमध्ये तिची सोय मिस मॅनिंग यांच्याकडे झाली. हिंदुस्थानातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची पालकाच्या मायेनं काळजी घेणारं हे घर. इथं लेखक, समीक्षक, प्रकाशक यांची ये-जा असे. इथंच १८९६ च्या सुरुवातीला तिची गाठ समीक्षक एडमंड गॉस यांच्याशी पडली. तिनं आपल्या कविता त्यांना दाखवल्या. गॉस यांना भाषा चांगली वाटली, पण कविता सगळ्या इंग्लंडच्या पाखरांच्या, फुलांच्या आणि चर्चच्या घंटांच्या. त्यांनी सांगितलं की हे सगळं टाकून दे आणि दख्खनविषयी लिही, तिथल्या माणसांविषयी लिही. सतरा वर्षांच्या मुलीला हे लागलं असेल, पण तिनं ते मानलं.

तिकडं डॉक्टर हैदराबादेत आपल्या कामावर. दोघांत पत्रव्यवहार चालू राहिला. तिनं त्यांना लिहिलेली त्या काळातली काही पत्रं टिकली आहेत आणि तिच्या निवडक पत्रांच्या पुस्तकात छापली गेली आहेत.

लंडनहून हैदराबादला पत्र येण्याचा मार्ग सीमाभागातल्या लोकांच्या रोजच्या ओळखीचा आहे. विलायतेची डाक आठवड्यातून एकदा निघायची. सुएझच्या कालव्यातून बोट मुंबईला यायची. मुंबईहून पुणे, सोलापूर, गुलबर्गा अशी गाडी वाडीपर्यंत आणि वाडीला निजामाच्या रेल्वेची जोडणी. वाडी-सिकंदराबाद हा फाटा १८७४ साली सुरू झाला होता. एक पत्र पोहोचायला दोन-अडीच आठवडे, उत्तराला पुन्हा तेवढेच. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सव्वा महिन्यानं, तेही टपाल वेळेवर सापडलं तर. तोवर प्रश्न विचारणारीचं मन कुठल्या कुठं गेलेलं असणार.

त्यात इकडची परिस्थिती बिघडत होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात. १८९६-९७ च्या दुष्काळानं दख्खन होरपळली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत सोजीर शिरले आणि जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. ज्या मार्गानं तिचं टपाल यायचं त्याच मार्गावरच्या स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासलं जाऊ लागलं. दूर असलेल्या माणसाच्या काळजीनं जीव टांगणीला लागावा असेच ते दिवस होते.

सरोजिनी आधी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये, मग केंब्रिजच्या गर्टन कॉलेजमध्ये शिकली. गर्टन हे मुलींचं कॉलेज. तिथं शिकता येत होतं, परीक्षा देता येत होती, पण केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवी देत नसे. मे १८९७ मध्ये ती द्यावी का यावर विद्यापीठात मतदान झालं आणि प्रस्ताव प्रचंड मतांनी फेटाळला गेला. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला तिथं १९४८ साल उजाडावं लागलं. बालविवाह आणि जातीवरून हिंदुस्थानला शिकवणाऱ्या विलायतेचं घरचं चित्र हे असं होतं.

तब्येत पुन्हा ढासळली. गर्टन सुटलं. हवापालट म्हणून ती इटलीत फिरून आली. सप्टेंबर १८९८ मध्ये ती हैदराबादला परतली. हातात पदवी नव्हती. वहीत कविता होत्या, आणि तीन वर्षांपूर्वी दिलेला शब्द जसाच्या तसा होता.

वडिलांची सही

परत आल्यावर अवघ्या तीन महिन्यांत लग्न झालं. यातली एक बारीक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

वेगवेगळ्या जातींतल्या दोघांचं लग्न त्या काळच्या हिंदू रूढीप्रमाणं लावणं अडचणीचं, आणि लावलं तरी ते कोर्टात टिकेल याची खात्री नाही. यासाठी ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून १८७२ साली एक कायदा झाला होता, १८७२ चा तिसरा कायदा. त्याप्रमाणं लग्न करायचं तर रजिस्ट्रारला चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, आणि आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाही रूढ धर्म मानत नाही असं दोघांनी जाहीर करायचं. मुलीचं वय किमान चौदा हवं. शिवाय वर किंवा वधू एकवीस वर्षांखाली असेल तर वडिलांची किंवा पालकाची संमती हवी.

डिसेंबर १८९८ मध्ये सरोजिनी एकोणीस वर्षांची होती. म्हणजे कायद्यानं अघोरनाथांच्या संमतीशिवाय हे लग्न होणं शक्यच नव्हतं. पळून जाऊन गुपचूप लग्न करण्याची वाट या कायद्यात तिच्यासाठी नव्हती. ज्या बापानं तीन वर्षांपूर्वी मुलीला साता समुद्रापलीकडे पाठवलं, त्याच बापाचा होकार त्या कागदाला लागणार होता. आणि तो मिळाला.

अघोरनाथांचं मन कशानं वळलं, याची वेगवेगळी कारणं मांडता येतील. मुलगी आता एकोणीस वर्षांची झाली होती, बालविवाहाचा आक्षेप उरला नव्हता. तीन वर्षांत तिचं मन बदललं नाही, याचा अर्थ तो पोरवयातला उमाळा नव्हता, हेही दिसलं होतं. आणि ज्या विचारांसाठी आपण हद्दपारी भोगली ते विचार घरात लागू करायचे की नाही, हा प्रश्न शेवटी त्यांच्याच दारात उभा होता. उत्तर द्यायला त्यांना तीन वर्षं लागली, पण दिलेलं उत्तर त्यांच्या जन्मभराच्या बोलण्याला धरून होतं.

लग्न झालं मद्रासला, ब्राह्मो पद्धतीनं, १८७२ च्या कायद्याखाली. लग्न लावलं कंदुकुरी वीरेशलिंगम पंतुलु यांनी. हे आंध्रातले फार मोठे समाजसुधारक. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित आणि कर्वे यांनी विधवाविवाहासाठी जे केलं, तेच काम तेलुगू मुलखात वीरेशलिंगम यांनी केलं. १८८१ साली राजमहेंद्रीत विधवेचं लग्न लावून त्यांनी सगळ्या शहराचा रोष ओढवून घेतला होता. बंगाली ब्राह्मण वधू, तेलुगू वर आणि लग्न लावणारा असा माणूस. देशभर चर्चा झाली, नाकं मुरडली गेली. नवरा-नवरी हैदराबादला परतली आणि संसाराला लागली.

उंबरठ्याच्या नावाचं घर

जयसूर्य, पद्मजा, रणधीर आणि लीलामणी ही त्यांची चार मुलं. डॉक्टरांचं काम चालू, घरात पाहुण्यांचा राबता, आणि सरोजिनीबाईंच्या कविता. १९०५ साली लंडनमध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला, द गोल्डन थ्रेशोल्ड, म्हणजे सोनेरी उंबरठा. गॉस यांचा सल्ला त्यांनी किती मनावर घेतला होता हे त्यात दिसलं. पालखीचे भोई, विणकर, कोळी, गारुडी, बांगड्या विकणारे, हैदराबादचे बाजार, असं सगळं त्यांच्या कवितेत आलं. हैदराबादेत नामपल्लीजवळच्या त्यांच्या घराला पुढे याच पुस्तकाचं नाव मिळालं. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठ सुरू झालं ते याच वास्तूत.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला. जुनं हैदराबाद पाण्याखाली गेलं, हजारो माणसं दगावली. सरोजिनीबाई मदतकार्यात उतरल्या. त्याबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते त्यांनी परत केलं.

सार्वजनिक कामात त्यांना ओढलं ते एका मराठी माणसानं, गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या वेळी दोघांची ओळख झाली आणि गोखले गेले तोवर ती मैत्री टिकली. कवितेत रमणाऱ्या या बाईनं आपली वाणी देशासाठी वापरावी, असा गोखल्यांचा आग्रह. तो आग्रह मानला आणि हैदराबादच्या घरातून पुन्हा लांबचे प्रवास सुरू झाले. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं, त्या स्वतः निघाल्या होत्या. घर आणि मुलं मागे हैदराबादेत, डॉक्टरांजवळ. ज्या माणसासाठी त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली, त्याच्या वाट्याला आता वाट पाहणं आलं होतं.

पहिलं महायुद्ध आणि हैदराबादच्या बायका

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा सरोजिनीबाई लंडनमध्ये होत्या, उपचारासाठी. समुद्रावर युद्धनौका फिरू लागल्या, नेहमीच्या बोटींचा भरवसा राहिला नाही. युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवसच झाले होते, तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेहून गांधीजी लंडनला पोहोचले. दोघांची पहिली भेट तिथलीच. जखमी सैनिकांसाठी कपडे शिवणं, सामान गोळा करणं या कामात त्या इतर हिंदी बायकांसोबत लागल्या. त्यानंतर त्या मायदेशी परतल्या. १९१५ ची सुरुवात वाईट ठरली. जानेवारीत वडील अघोरनाथ गेले, फेब्रुवारीत गोखले गेले.

त्यांचा धाकटा भाऊ वीरेंद्रनाथ याच काळात बर्लिनमध्ये होता, इंग्रजांच्या शत्रूच्या राजधानीत बसून हिंदी क्रांतिकारकांची समिती चालवत. बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. वीरेंद्रनाथ पुन्हा कधी हैदराबादला आला नाही. १९३७ साली स्टालिनच्या रशियात त्याला मृत्युदंड देण्यात आला.

डिसेंबर १९१५ मध्ये हैदराबादच्या स्त्रियांच्या युद्ध मदत संस्थेच्या अहवालासाठी सरोजिनीबाईंनी एक कविता लिहिली. परक्या मुलखात मेलेल्या हिंदी शिपायांविषयी, आपली मुलं गमावणाऱ्या आईच्या तोंडून. हैदराबादचे लान्सर्स तेव्हा सुएझच्या राखणीला होते. त्याच महिन्यात मेसोपोटेमियातल्या कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला, आणि त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या. सातारा, रत्नागिरी, बेळगाव भागातली ती पोरं. एप्रिल १९१६ मध्ये कुत पडलं, हजारो कैदी वाळवंटातून चालवत नेले गेले, कितीतरी परतले नाहीत. कोकणात आणि घाटावर ज्या घरांत लग्नं ठरून राहिली होती, त्या घरांनी टपालाची वाट कशी पाहिली असेल याची कल्पना करता येते. सरोजिनीबाईंची कविता इंग्रजीत होती, या घरांपर्यंत ती पोहोचणार नव्हती. पण पत्राची वाट पाहणं म्हणजे काय, हे ती लिहिणारीला ठाऊक होतं.

पुण्यातला बंदिवास

पुढची वर्षं सगळ्यांच्या माहितीची आहेत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१७ साली माँटेग्यूंना भेटलेलं शिष्टमंडळ, कानपूरचं अध्यक्षपद, अमेरिकेचा दौरा, मे १९३० मध्ये धारासणा, त्यानंतर येरवड्याचा तुरुंग, १९३१ ची लंडनची गोलमेज परिषद, पुन्हा तुरुंग. हैदराबादच्या घरी त्या येत, राहत, पुन्हा निघत.

दुसरं महायुद्ध चालू असताना ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. गांधीजींसोबत सरोजिनीबाईंनाही पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सहा दिवसांत, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथं वारले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास तुटलेला. मार्चमध्ये प्रकृती फार बिघडल्यामुळं सरोजिनीबाईंना सोडण्यात आलं. पुणे ते हैदराबाद हा रस्ता तोच होता, सोलापूर, गुलबर्गा, वाडी. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची पत्रं याच रुळांवरून डॉक्टरांकडे गेली होती.

१९४८

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सरोजिनीबाई संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, राज्यपाल झाल्या आणि लखनौला राहू लागल्या. त्यांचं हैदराबाद मात्र त्या दिवशी भारतात नव्हतं. निजामानं विलीनीकरणाला नकार दिला. पुढचं वर्ष कसं गेलं हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या माणसांना सांगायला नको. रझाकारांचे हल्ले, गावं सोडून सोलापूर, बार्शी, उमरखेड, चांद्याकडे आलेली कुटुंबं, सरहद्दीवरचे कॅम्प, अडलेल्या गाड्या, न पोहोचलेलं टपाल. एकाच घरातली अर्धी माणसं इकडं, अर्धी तिकडं. ज्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी विलायतेला गेली, ते राज्य आणि ज्या देशाच्या त्या राज्यपाल, तो देश समोरासमोर उभे होते. त्यांचं घर होतं मधोमध, हैदराबादेत.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनं आत शिरल्या. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा त्या दिवशी मुक्त झाला, आणि हैदराबादची वाट पुन्हा मोकळी झाली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मद्रासच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. जे लग्न टिकणार नाही म्हणून दोन्ही घरांनी अडवलं होतं, त्याला. २ मार्च १९४९ रोजी लखनौच्या राजभवनात सरोजिनीबाईंचं निधन झालं.

त्यांच्या जन्मदिवसाला, १३ फेब्रुवारीला, शाळांतून भाषणं होतात आणि इंग्लंडच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख हटकून येतो. ती शिष्यवृत्ती बुद्धीवर मिळवलेली होती, यात वाद नाही. पण ज्या सोळा वर्षांच्या मुलीला ती मिळाली, तिला परतीच्या बोटीची ओढ जास्त होती. तीन वर्षांत तिनं कविता मोठ्या कवींकडून शिकून घेतली, दिलेला शब्द पाळला, आणि वडिलांना त्यांच्याच विचारांपर्यंत आणून सोडलं. हैदराबादेत आजही आंतरजातीय लग्नासाठी रजिस्ट्रारच्या कचेरीत उभी राहणारी मुलं-मुली आहेत, नांदेडला आहेत, बीदरला आहेत, कोल्हापूर-बेळगावलाही आहेत. वडिलांची संमती आता कायद्याला लागत नाही. नोटीस अजून लागते, आणि तेव्हाच्या चौदा दिवसांचे आता तीस झाले आहेत.